चहा झाला का?

"पगारे, हा प्रोग्रॅम दर महिन्याला इथंच का अडतो हो?" नव्यानं आलेल्या आहेर साहेबांनी पडद्यावर बोट टेकवलं.

"अडत नाही साहेब, विचारतो," सावळीराम म्हणाला.

सातपूरच्या त्या कारखान्यात कॉम्प्युटर आला तेव्हापासून त्याच्या कन्सोलवर, म्हणजे यंत्राला हुकूम सोडायच्या पडद्यासमोर, तोच बसत होता. आडनाव पगारे आणि काम पगाराच्या चिठ्ठ्या छापायचं. थट्टेला लोकांना तेवढं पुरे. आत्ता पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी प्रश्न थांबला होता: 'चहा झाला का?'

प्रश्न सिंधू बच्छावचा. नामपूरच्या कांदा अडत्याची मुलगी, इथं प्रोग्रॅम लिहायची. एकदा सावळीराम छपाई सुरू करून कँटीनला गेला आणि मागे कागद अडकला. साऱ्या कारखान्याचा पगार एकाच पट्टीवर, एकावर एक छापून काळाठिक्कर! सिंधूनं वरिष्ठांपुढे त्याला सांभाळून घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी प्रोग्रॅममध्ये हा प्रश्न घातला.

"आता तुम्ही उत्तर दिल्याशिवाय छपाई सुरूच होणार नाही. तुमचा काही भरवसा नाही बाई!" ती हसली होती.

त्याचा जीव होता तिच्यावर. पण बोलला कधीच नाही. बुद्धविहारामागच्या वसाहतीतून अडत्याच्या ओट्यापर्यंतची वाट आपल्याला चालवेल, असं त्याला वाटलं नाही. पुढे तिचं लग्न झालं, नोकरी सुटली. मागे राहिला हा प्रश्न. दर महिन्याला तो त्याच्याकडे जरा वेळ नुसता पाहत बसायचा आणि मग 'हो' टाइप करायचा.

"नवा प्रिंटर कागद अडकला की आपला आपण थांबतो. तेव्हा हे काढून टाका," साहेब म्हणाले. "तो डीबगर आलाय ना, तो लावा. प्रोग्रॅम एकेक पाऊल चालवता येतो, आत काय चाललंय ते सगळं दिसतं."

सावळीरामनं डीबगर लावला. प्रोग्रॅम पावलापावलानं प्रश्नापाशी आला. 'हो' म्हटलं की वाट छपाईकडे जाते, हे त्याला ठाऊक होतंच. पण तिथं आणखी एक फाटा होता, 'नाही'चा.

इतक्या वर्षांत तो तिकडे फिरकलाच नव्हता. कुणी काही विचारलं की हो म्हणून मोकळं व्हायचं, ही त्याची जन्माची खोड. त्यानं 'नाही' टाइप केलं आणि प्रोग्रॅम एक पाऊल पुढे ढकलला.

'मग थांबा. मी येते. आजपासून बरोबरच घेऊ.'

पगाराच्या दिवशी सिंधू दोनदोनदा दारात येऊन जायची. कागद नीट लागलाय का ते बघायला येते, असं हा शहाणा समजायचा. ती वाट पाहत होती, आणि हा दर महिन्याला इमानेइतबारे 'हो' म्हणत होता. एकदा, फक्त एकदा नाही म्हणायचं होतं.

"सापडलं का?" साहेबांनी विचारलं.

"सापडलं साहेब."

"मग उडवा."

त्यानं प्रश्न उडवला, फाटाही उडवला. प्रोग्रॅम कुठेही न थांबता सरळ गेला आणि पलीकडे प्रिंटर कडकडायला लागला.

"छान काम केलंत," साहेब उठता उठता म्हणाले. "चहा झाला का तुमचा?"

सकाळपासून त्याच्या पोटात चहाचा घोट नव्हता.

"हो," सावळीराम म्हणाला, "झाला."