मोठीनं बसायचं

"रानात चुकलात तर पयलं काय करायचं?" हिरूनं विचारलं.

"रडायचं!" मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या मुली हसल्या.

"रडायचं," हिरूनंही मान डोलावली. "पन बसून. रडत रडत चालायचं नाय. रानात चुकल्यालं मानूस पायानं मरतं."

अठ्ठ्याहत्तर सालचा नाताळ. कर्जतच्या मुलींचा कॅम्प कळंबच्या वरच्या रानात उतरला होता. कंद कुठला खायचा, पाणी कुठं उकरायचं, वाट कशी धरायची हे शिकवायला इद्रिस मास्तरांनी हिरूला बोलावलं होतं. लांबून नाही, तिथल्याच वाडीतून. वाडीतली एक एक झोपडी रिकामी होत गेली होती, तिची तेवढी उभी होती.

"दोघी असाल न् चुकामूक झाली, तर एकीनं बसायचं, एकीनं शोदायचं. दोघीबी शोदत सुटल्या तर जल्मात गाठ नाय."

"कोणी बसायचं?"

"मोठीनं बसायचं."

मोठी हिरू.

धाकटी बहीण मैना. एका हिवाळ्यात ती ठेकेदाराच्या ट्रकमधून कोळशाच्या भट्टीवर गेली. पावसाळ्याआधी बाकीचे परतले. मैना कुठं उतरली ते एकानं एक सांगितलं, दुसऱ्यानं दुसरंच. हिरू शोधायला उठली. उंबऱ्यापर्यंत गेली आणि तिथंच बसली.

"मावशी, पण किती वेळ बसायचं?" ही सफुरा, मास्तरांची भाची. तिचे प्रश्न संपत नसत.

"सांज होस्तोवर."

"आणि सांजेपर्यंत आलीच नाही तर?"

हिरूनं कोयता या हातातून त्या हातात घेतला.

झाडाला टेकून बसलेला तिचा नवरा नागू मोठ्यानं हसला. "इचार, पोरी, इचार! अकरा वरसं झाली, हिची सांज काय व्हत नाय."

नागूला दहिवलीच्या भातगिरणीत काम लागलं होतं, राहायला खोलीही होती. तीन महिने तो एकटा हातानं भाकरी थापत होता. आज तो तिला न्यायला आला होता आणि आल्या आल्या सांगून मोकळा झाला होता: उद्या आलीस तर आलीस. मी परत हा डोंगर चढणार नाही.

"गप बसा जरा," हिरू म्हणाली. मग सफुराकडे न बघता, "आलीच नाय तर काय, ते मला कुनी शिकवलं नाय गं."

दुसऱ्या सकाळी तंबू उतरले. मुली खाली निघाल्या तेव्हा नागू दारात गोधड्यांचं गाठोडं आवळत होता. हिरूनं उंबऱ्यावर एक काठी आडवी ठेवली, टोक दहिवलीच्या वाटेकडे. वर दगड ठेवला. कुड्याचं एक पान तोडून दगडाखाली सरकवलं.

सफुरा थांबली. "पान कशाला, मावशी?"

"काठी सांगती कुटं गेली. पान सांगतं कवा गेली. हिरवं असंल तर लांब नाय, हाक मारावी."

"आणि वाळलं असेल तर?"

"तर शोदनारी मागं फिरती."

"मग करवंदीचं ठेवा ना. ते चार दिवस हिरवं राहतं."

"ते लबाड पान. मैनाला ठाव हाय." हिरूनं दगड नीट बसवला. "कुड्याचं सकाळी तोडलं की सांजला मान टाकतं."

"चल गं," नागू गाठोडं डोक्यावर घेत म्हणाला. "एसटी चुकंल."

ती उठली. चार पावलं गेली, परत आली, पान पुसलं आणि गेली.

पुढच्या नाताळात इद्रिस मास्तर नव्या मुली घेऊन त्याच वाटेनं चढले. सफुरा मदतीला होती. झोपडीचं छप्पर अर्धं खाली आलं होतं. गुडघाभर गवत माजलं होतं.

"इथं हिरूमावशी राहायच्या," मास्तर मुलींना सांगू लागले. "वर्ष झालं त्यांना दहिवलीला जाऊन."

सफुरा उंबऱ्यापाशी वाकली. काठी उन्हानं पांढरी पडली होती. कडेला कुड्याच्या वाळक्या पानांचा हा एवढा ढीग. दगडाखालचं पान तिनं ओढलं. देठाशी दुधाळ चीक होता, बोटाला चिकटणारा.

"नाही मामू," ती हळूच म्हणाली. "आजच गेल्यात. लांब नसतील."

पान जागच्या जागी ठेवून ती उभी राहिली, उताराकडे तोंड केलं आणि हाक मारायला दोन्ही हात तोंडाशी नेले.

मास्तरांनी तिचं मनगट धरलं.

"नको," ते म्हणाले. "मैना आली समजून बाई धावत येईल."