न शिजवलेला नैवेद्य

शलाकाने तळहाताला लोणी चोळून पुढचा गोळा वळायला घेतला, पण कान न्हाणीकडेच होते. धनाजीराव आंघोळीहून यायच्या आत सगळं उरकायला हवं होतं. बिस्किटांचा चुरा, कोको, डब्यातलं आटीव दूध आणि गुलाबपाण्याच्या बाटलीतून आलेली रम. शेजारच्या मीनाबेनना नाताळच्या पार्टीसाठी थेट मुंबईसारखे रमबॉल हवे होते, आणि रम त्यांनीच धाडली होती. दारूबंदीच्या राज्यातही बडोद्याचं कधी काही अडलं नाही.

अडलं होतं ते शलाकाचं. नवऱ्याने, धनाजीरावांनी, दसऱ्याला खंडोबापुढे भंडारा उचलून दारू सोडली, आणि तिने दुसऱ्याच्या हौसेपायी तीच घरात घेऊन गव्हाच्या कोठीत दडवली. मीनाबेनना नाही म्हणायला जीभ रेटली नाही. आठवडाभर ती शाळेत मुलांना पाढे शिकवताना मनाने कोठीपाशीच असायची. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही.

वास जावा म्हणून तिने मागची खिडकी उघडली, वापरलेली भांडी मोरीत नेऊन घासली. परत आली तर ताटातला एक गोळा गायब. तेवढ्यात देवघरात घंटा वाजली.

ती धावली. सासूबाईंनी, रखमाबाईंनी, खंडोबाच्या टाकापुढे भरीत-भाकरीशेजारी तो गोळा ठेवून पाणी फिरवलंही होतं.

"आई, तो कशाला घेतलात?"

"अगं, चंपाषष्ठी आज. पानात गोड काहीच नव्हतं." सर्दीने रखमाबाईंचं नाक बंद होतं. "उष्टा नाही, चुलीवर चढलेला नाही. देवाला बराबर चालतो."

धनाजीराव ओल्या केसांनीच देवापुढे येऊन नमस्कार करत होते. रखमाबाईंनी गोळ्याचा तुकडा मोडला.

"घे धनाजी, प्रसाद."

त्यांनी उजवा हात पुढे केला. प्रसादाला नाही म्हणायची या घरात रीत नव्हती. बोललं तर ऐन सणाला देवापुढे आपली चोरी उघडी पडणार, आणि गप्प राहिलं तर त्यांची शपथ आपल्याच हातच्या खाऊने मोडणार.

तुकडा तळहातावर पडला.

"अहो, थांबा. त्यात रम आहे. मी घातलीय."

रखमाबाईंनी तोंडाला पदर लावला. धनाजीरावांनी तुकडा कपाळाला लावला, टाकापुढे परत ठेवला आणि स्वयंपाकघरात गेले.

ती मागोमाग गेली. ते मोरीवर हात धूत होते.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "मला भीती वाटली. तुम्हाला दिसली तर..."

"कोठीत ठेवत जाऊ नकोस काही," ते पाठमोरेच म्हणाले. "आईचा हात तळाशी पोचत नाही. तू शाळेत असतेस तेव्हा दळणाचे गहू मीच काढून देतो."

शलाकाने ओट्यावरची बाटली पाहिली. कालपर्यंत ती गळ्यापर्यंत भरलेली होती. आज तिनेच पहिल्यांदा बूच काढलं होतं.

"मग बोलला का नाहीत?"

"तू कधी सांगतेस, ते बघत होतो."

त्यांनी पुन्हा साबण घेतला आणि तोच हात परत चोळायला लागले.