तुंदुक उचलताना वर बघू नका

आमच्या नातीचं, आयझिरेकचं, लग्न ठरलं आणि तिच्यासाठी लोकरीच्या नमद्याचं नवं घर उभारायला काढलं. जाळीच्या भिंती बांधून झाल्या. आता कुणीतरी मधोमध उभं राहून माथ्याचं लाकडी कडं, म्हणजे तुंदुक, बेचक्याच्या काठीवर डोक्यावर तोलून धरायचं आणि बाकीच्यांनी त्यात भोवतीचे वासे खोवायचे. हे काम पंचेचाळीस वर्षं ह्यांचंच. पण गेल्या उन्हाळ्यात तुंदुक उचलताना कंबरेत अशी उसण भरली, की नऊ दिवस अंथरुणातून उठले नाहीत.

"बाबा, बसा तुम्ही. मी उचलतो," आमचा मुलगा केंजेबेक म्हणाला.

"नातीचं तुंदुक मीच उचलणार. मग खुशाल पुरा मला!"

"खड्डा खणायला वेळ कुणाला आहे? घरात लग्न आहे," मी म्हटलं.

सगळे हसले. हे नाही हसले.

गेल्या वर्षी मी नीट पाहिलं होतं. कडं वर जाताना आमच्यातला प्रत्येक जण बिस्मिल्ला म्हणत त्यातून आभाळ बघतो. मान मागे, छाती पुढे, पोट सुटलेलं. सगळा भार कंबरेत.

पिराच्या मजारीवर गाऊन उपदेश करणारे मोल्दो येतात, त्यांची एकही बैठक मी चुकवत नाही. लांब ओळ घेण्याआधी ते पोटात श्वास भरतात, पोट घट्ट धरतात, बरगड्या वर येऊ देत नाहीत. मग अल्लाचं नाव पार डोंगरापर्यंत पोचतं.

मी ह्यांच्या समोर जाऊन उभी राहिले. "म्हातारबा, मोल्दोंसारखा श्वास भरा. पोट आवळा, ढुंगणही आवळा. एक पाय पुढे. आणि वर नाही, माझ्याकडे बघा."

"जन्मभर तुझ्याकडेच बघतोय की!"

"मग अजून थोडा वेळ बघा."

"सासूबाई, आम्ही बाहेर जाऊ का?" सुनेनं विचारलं.

काठी वर चढली. "डावीकडे... अजून... बास!" पहिला वासा बसला, दुसरा बसला. तिसऱ्याला सवयीनं ह्यांची हनुवटी वर गेली आणि ओठ आवळले गेले. केंजेबेक धावला.

"इकडे बघा!" मी ओरडले. नजर खाली आली, कंबर सरळ झाली. चौथा वासा बसला आणि कडं आपलं आपण उभं राहिलं.

काठी ठेवून ह्यांनी कंबर चाचपली. मग आयझिरेकच्या डोक्यावर हात ठेवून कितीतरी वेळ दुआ म्हटली.

माझे डोळे पुसून होतात न होतात तोच नमद्याची गुंडाळी उचलायला वाकलेल्या मुलावर ह्यांचा आवाज चढला, "केंजेबेक, पोट आवळून उचल रे! एवढंही कळत नाही?"