अ. यांचे मत वेगळे

सृष्टीला वाचनालयात लागून जेमतेम तीन महिने झाले होते, आणि तिसऱ्याच महिन्यात तिने घोळ घालून ठेवला. घोळही साधासुधा नाही. भाजी पिकवणाऱ्याच्या घरातली पोरच घालू जाणे असा.

झालं असं की गोरक्ष मास्तर वारले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचे संदर्भग्रंथ टेम्पो भरून वाचनालयात आले. कोश, गॅझेटियर, वनस्पतींच्या सूच्या, वैद्यक, पक्षी, संगीत, पंचांगाचं गणित. एका माणसाला एवढं सगळं कशाला लागतं, देव जाणे! जागा दोन कपाटांची आणि पुस्तकं तीन कपाटांची. अध्यक्ष कारभारीभाऊंनी फर्मान सोडलं, "निवड कर. चांगली ठेव, बाकीची रद्दीत."

आता निवड करायला सृष्टीला कोणी शिकवायची गरज नव्हती. मखमलाबादला बापाचा टोमॅटोचा मळा. पोर पाच वर्षांची असल्यापासून क्रेट भरत आलेली. डाग पडलेला माल बाजूला, गुळगुळीत माल वर. तिने तोच हिशेब लावला. कोरी करकरीत पुस्तकं कपाटात लावली, आणि ज्यांच्यात पेनाने गिचमिड केलेली, चहाचे डाग पडलेले, कोपरे दुमडलेले, ती एकेचाळीस पुस्तकं दाराजवळ रचली. रद्दीवाल्याला शनिवारी सकाळी बोलावलं. स्वतःवर अशी खूश झाली की काही विचारू नका.

बुधवारी त्या ढिगाची यादी करताना मात्र तिची मती गुंग झाली. शेतीच्या कोशात कांद्याच्या पानावर, समासात, बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'अ. यांचे मत वेगळे. मान पुरती वाळल्याशिवाय कांदा साठवणीच्या चाळीत भरू नये.' असेल कोणी शेतीतज्ज्ञ, म्हणून तिने पुढचं पुस्तक उचललं. ते पक्ष्यांवरचं. टिटवीच्या चित्राशेजारी: 'अ. यांचे मत: टिटवीने अंडी उंचावर घातली की पाऊस जास्त. पडताळले. तीन वर्षे खरे, एक वर्ष खोटे.' वैद्यकात, अडुळशापाशी: 'अ. यांच्या मते पिकले पान घ्यावे, हिरवे नको.' आणि संगीताच्या जाडजूड ग्रंथात, ओवीच्या प्रकरणात: 'अ. यांची चाल याहून निराळी. आज पहाटे पुन्हा ऐकली.'

आता बोला! कांदा, टिटवी, अडुळसा आणि गाणं. असा कोण हा पंडित, ज्याचं एकाही ग्रंथाशी पटत नाही? आणि तो पहाटे कुठे गात होता?

सृष्टीने चरित्रकोश काढला. 'अ'पासून सुरू होणारे वैद्य सापडले, व्याकरणकार सापडले, एक ज्योतिषी आणि दोन संस्थानिक सापडले. कांद्याची मान बघणारा एकही नाही. तिने संक्षेपांच्या याद्या पाहिल्या, प्रस्तावना चाळल्या, आभाराची पानं वाचली. एक ग्रंथ दुसऱ्याकडे बोट दाखवी, दुसरा तिसऱ्याकडे, आणि तिसरा फिरून पहिल्याकडे. गुरुवारी संध्याकाळपर्यंत तिच्या डोक्याचं पार भजं झालं. एवढं मात्र तिला कळून चुकलं होतं की कपाटातली करकरीत पुस्तकं कोणी उघडलीच नव्हती आणि वाचलेली सगळी पुस्तकं तिने रद्दीत काढली होती.

"भाऊ, ती ठेवू या," ती काकुळतीला येऊन म्हणाली. "अ. कोणीतरी मोठा माणूस आहे."

"कोण?"

"तेच तर कळत नाही ना!"

कारभारीभाऊंनी चष्मा कपाळावर चढवला. "हे बघ, मोठा माणूस निघाला तर मी स्वतः तिसरं कपाट आणून देतो. नाव दाखव. नाहीतर उद्या मास्तरांच्या बायकोचा अंगठा घ्यायचा. देणगीपत्रात अट आहे, घरच्यांच्या संमतीशिवाय पुस्तक बाहेर जात नाही. अंगठा झाला की विषय संपला."

शुक्रवारी दुपारी मास्तरांच्या बायको आल्या. सत्तरी उलटलेली, नऊवारी, हातात भाजीची पिशवी. गंगापूरकडच्या माळ्याची लेक, शाळेचं तोंड न पाहिलेली. आल्या त्याच तणतणत.

"कुठं उठवायचा अंगठा? आण ती शाई."

"आजी, एक दिवस थांबता का?" सृष्टी म्हणाली. "या पुस्तकांत मास्तरांनी..."

"नाव नको काढू त्या पुस्तकांचं! सवती हायेत माझ्या. एक नाय, तीन कपाटं सवती. मी बोलाया लागले की मास्तर त्यांच्यात तोंड खुपसायचे. चाळीस वर्सं भिंतीसंगं बोलले मी. जाऊ दे रद्दीत, लय बरं होईल."

म्हातारीचा आवाज शेवटी कापला. "चांगली तेवढी कपाटात ठेवलीत," म्हणत कारभारीभाऊंनी घाईघाईने कागद पुढे केला, शाईचा डबा उघडला. म्हातारीने अंगठा शाईत बुडवला. तेवढ्यात तिची नजर ढिगावर उघड्या पडलेल्या शेतीकोशावर गेली. पानभर कांद्याच्या चाळीचं चित्र होतं.

"हे कोणी काढलं?" ती फिसकन हसली. "मान तरी वाळू द्यायची, मग भरायचा. सडंल की समदा!"

सृष्टीच्या हातातली यादी खाली पडली.

"आजी," तिने जपून विचारलं, "टिटवीनं अंडी उंचावर घातली तर काय होतं?"

"पाऊस लय होतो. शेंबड्या पोराला बी म्हाईत हाय. एक साल मातुर चुकलं, दुबार पेरणी झाली."

"आणि अडुळसा?"

"पिकलं पान घ्यायचं. का गं, खोकला झालाय का तुला?"

"हे तुम्ही मास्तरांना कधी सांगितलं होतं?"

"हज्जारदा! ऐकतंय कोण?"

सृष्टीने खाली पडलेली यादी उचलली. "आजी, तुमचं नाव काय?"

"अक्काबाई. त्या कागदावर लिवलंय की."

लिहिलं होतं खरंच. कालपासून तो कागद टेबलावर पडलेला, आणि ही बया संस्थानिक शोधत बसलेली!

सृष्टीने एकेक पुस्तक उघडलं आणि वाचत गेली. 'अ. यांचे मत वेगळे.' 'अ. यांचे बरोबर, ग्रंथकाराचे चूक.' 'अ. यांना पुन्हा विचारणे.' अक्काबाई आधी संशयाने ऐकत होती. कोणी थट्टा करतंय का, म्हणून कारभारीभाऊंकडे बघत होती. मग ओवीचं पान आलं; ती टीप मागच्या पानावर पुढे चालू होती, हे सृष्टीला आत्ताच दिसलं. 'आज पहाटे पुन्हा ऐकली. जागा असल्याचे कळू दिले नाही, थांबतील म्हणून.'

अक्काबाई मटकन खुर्चीत बसली. पिशवीतली मेथीची जुडी फरशीवर घरंगळली, ती कोणी उचलली नाही.

"मुडदा बशिवला त्याचा," ती म्हणाली आणि ढसाढसा रडायला लागली. "ऐकत व्हता. समदं ऐकत व्हता, आन् एक डाव हूं म्हणून नाय म्हणाला!"

मग तिने पदराने डोळे पुसले. "कुठं हाय मी? दाव."

सृष्टीने समासातलं ते एक अक्षर दाखवलं. अक्काबाईने वाकून त्यावर अंगठा ठेवला, हळूच, झोपलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा. उचलला तेव्हा पानावर निळा ठसा उमटला होता.

"अहो आजी, पुस्तक खराब झालं!" कारभारीभाऊ ओरडले.

"व्हऊ द्या. चांगली तर तुम्ही कपाटात ठिवलीत ना?"

कारभारीभाऊंनी संमतीचा कागद उचलला, उगाच दोनदा वाचला, आणि घडी करून खिशात घातला. तिसऱ्या कपाटासाठी सुताराला फोन करायला ते बाहेर गेले.

अक्काबाईने खुर्ची पुढे ओढली.

"वाच पुढचं. सावकाश वाच. आन् मास्तरांनी कुठं चुकीचं लिवलं असंल तर मी सांगते, दुरुस्त कर."