ऐकतेय, बोल

सगळ्या गल्लीला माहीत होतं, फक्त हिलाच माहीत नव्हतं! नवरा लढाईतून जिवंत परत आला आणि तो वाचला कसा, हे हिला कळलं कोणाकडून? तर कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडून. दुकानाच्या दारात कात्री नाचवत तो म्हणाला, "मानलं बुवा वहिनी! एका हातात वायरलेस, एका हातात बंदूक, आणि टेकडी एकट्यानं राखली!"

"त्याला दोन्ही हातांनी डब्याचं झाकण निघत नाही," ती म्हणाली आणि तरातरा पुढे गेली. आतून मात्र नुसता जळफळाट.

घरी तर विचारूच नका. त्याने तोंड उघडलं की पुढचं वाक्य सासरे पूर्ण करायचे, कारण त्यांनी टीव्हीवर सगळं बघितलं होतं. सासूबाई "नको रे बाबा त्या आठवणी" म्हणत त्याच्या ताटात आणखी वाढायच्या. नणंद तर भावाचा पराक्रम फोनवरून मैत्रिणींना वाटत सुटली होती. आणि परवा त्याची सुट्टी संपणार! पुन्हा त्याच टेकडीवर जायचा आणि फोनवर "बरा आहे, ठेवतो" एवढंच बोलायचा. मागे राहून घाबरायचं हिनेच ना? मग कशाला घाबरायचं ते तरी नीट कळायला नको?

ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. काचा बसवायची, डोळे तपासायची, आणि सकाळी दुकानही तीच उघडायची, त्यामुळे किल्ली तिच्याकडे. त्या दिवशी दुकान बंद होतं. दुपारी तिने घरात जाहीर केलं, "यांच्या चष्म्याचा नंबर काढून आणते," आणि त्याला हाताला धरून थेट डोळे तपासायच्या आतल्या खोलीत नेलं. दार लावलं. त्याला मोठ्या खुर्चीत बसवलं, आपण समोरच्या गोल स्टुलावर.

"हं, बोल."

"काय बोलू?"

"न्हाव्याला सांगितलंस ते सोडून सगळं."

तो हसला. मग टाचा जुळवून सरळ बसला, खुर्चीतच. "उजाडायच्या आत तोफगोळे पडायला लागले. आम्ही मोजकीच माणसं, खंदकात. सेट माझ्या..."

"सेट म्हणजे तो पाठीवरचा वायरलेस? जड असतो?"

"असतो. तर खाली तळावर..."

"तू घाबरलास? आधी जास्त की नंतर जास्त?"

"अगं, सांगू देशील का!"

"सांग ना! मी कुठे अडवलंय? खंदक केवढा होता? उभं राहता येत होतं की वाकून?"

"माझे डोळे तपासतेयस का?" तो भडकला. "हे बरं की ते बरं, आता बरं की मघाशी बरं! वायरलेसवर एक जण बोलतो तेव्हा दुसरा गप्प असतो. बोलणं संपलं की 'ओव्हर' म्हणायचं. मगच पलीकडच्याने तोंड उघडायचं."

"आपल्या घरात सत्तर वर्षांत कोणी ओव्हर म्हणालं नसेल," ती पुटपुटली. पण ठरलं. आता तोंडातून चकार शब्द काढायचा नाही! तिने ओठ असे घट्ट मिटले की गाल दुखायला लागले.

तो सांगायला लागला. एक गोळा अगदी शेजारी पडला. त्यानंतर सेटचा दिवा चालू होता, पण पलीकडून आवाज येईना. आधी खरखर, मग तीही नाही. आपलं बोलणं खाली पोचतंय की हवेत जातंय, काही कळेना. तरी तो मागत राहिला. मदत पाठवा. जखमी आहेत. आम्ही अजून आहोत.

तो थांबला. समोरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत बसला. ती गप्प. स्वतःवर भलतीच खूश. बघा, कशी गप्प बसलेय!

"काहीतरी बोल ना!" तो इतक्या जोरात ओरडला की ट्रेमधल्या काचा खणखणल्या.

"अरे!" ती ताडकन उठली. "बोलले तर खेकसतोस, गप्प बसले तर ओरडतोस! मी करू तरी काय? न्हाव्याला पाठवू आत?" तिने दाराच्या कडीला हातही घातला.

"तिथे असंच होतं गं," तो म्हणाला. आवाज एकदम बारीक. "मी बोलतोय आणि पलीकडे कोणीच नाही. दिवसभर."

तिचा हात कडीवरच राहिला. राग होताच, पण आता तो कोणावर काढायचा ते कळेना.

"पलीकडच्याला ऐकू आलं की तो काय म्हणतो?"

"ऐकलं म्हणतो. बस."

"प्रश्न नाही विचारत?"

"नाही."

"एकपण नाही?"

"अगं!"

ती परत येऊन बसली. "ऐकतेय. बोल."

"बाकीचे सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते."

"ऐकतेय."

"म्हणून मी उत्तर येत असल्यासारखा वागत होतो. हो साहेब, थांबतो साहेब. मुंडी हलवायचो. त्यांना सांगायचो, निघालेत, येतायत."

म्हणजे एकही शब्द आलेला नसताना! तिच्या जिभेवर दहा प्रश्न एकदम आले. तिने ते सगळे गिळले. "ऐकतेय."

"कोणालाच माहीत नाही हे. संध्याकाळी खालून आपली माणसं खरंच वर आली. माझं सगळं खाली पोचत होतं गं, फक्त त्यांचं मला येत नव्हतं! शब्द न् शब्द ऐकत होते लेकाचे."

"ऐकतेय," ती म्हणाली.

"आम्ही उतरायला लागलो. तेव्हा बुटक्याने, म्हणजे दिवसभर माझ्याजवळ बसलेल्या त्या पोराने, मला बाजूला घेतलं. म्हणाला..."

"ऐकतेय."

"म्हणाला..."

आणि मान कलंडली. तोंड उघडं, हात खुर्चीबाहेर लोंबकळतायत. झोपला!

"काय म्हणाला?" ती कुजबुजली. "अरे, काय म्हणाला तो बुटक्या? उत्तर येत नाही हे त्याला कळलं होतं का?"

घुर्रर्र! शिट्टी वाजल्यासारखं घोरणं! तिला त्याचे खांदे धरून गदागदा हलवावंसं वाटलं. हात पुढे गेलेही. पण आल्यापासून तो असा झोपलाच नव्हता; कप आपटला तरी दचकून उठायचा. हात तसेच मागे आले.

ती स्टुलावर धुमसत बसली. थोड्या वेळाने त्याच्या पापण्या थरथरल्या, बोटं काहीतरी शोधायला लागली.

"ऐकतेय," ती दात-ओठ खात म्हणाली.

बोटं शांत झाली.

उद्याचा एकच दिवस हातात होता. तिने स्टूल खुर्चीला अगदी खेटून ओढलं आणि वाट बघत बसली.