बिनकुंकवाची कुऱ्हाड

कुलदीपनं मोबाइलवरची मारामारी पुन्हा मागं नेली. कुऱ्हाड उगारली गेली, खलनायकाच्या माणसाच्या मानेत रुतली, लाल रंगाचा फवारा थेट कॅमेऱ्यावर उडाला. त्यानं चित्र तिथंच थांबवलं.

इचोड्यात त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं, पण खूळ भलतंच! कुठल्या सिनेमातली तलवार कुठं परत वापरली, कोणाच्या मिशा मध्येच बदलल्या, असलं काहीबाही हुडकून तो इंटरनेटवर टाकायचा. हा सिनेमा मात्र त्याच्या जिवाचा होता. तो तान्हा असताना शूटिंग त्यांच्याच गावात झालं होतं. बाजाराच्या एका दृश्यात त्याचा बाप फकिरा वांगी तोलताना दिसायचा. हलता-बोलता बाप तेवढाच उरला होता. त्याच शूटिंगच्या दिवसांत, खंडेनवमीच्या रात्री, बापाला कोणीतरी वावरात कुऱ्हाडीनं तोडलं. आधी मान, मग हात. दसऱ्याच्या सांजेला प्रेत सापडलं तेव्हा चेहरा तर ओळखू येत नव्हता म्हणे.

आज एका प्रेक्षकानं विचारलं होतं, 'मारामारीत साऱ्या हत्यारांवर कुंकू आहे, एकाच कुऱ्हाडीवर का नाही?'

कुंकवाचं उत्तर सोपं होतं. मारामारीचं शूटिंग दसऱ्याच्या सकाळी झालं. गावकऱ्यांनी नवमीला पुजलेली हत्यारं तशीच उचलून आणली होती. एकदा पुजलं की दसरा उजाडेपर्यंत हत्याराला कोणी शिवत नाही. मग ही एकच कोरी कशी?

त्यानं चित्र मोठं केलं. दांड्याला तांब्याची तार गुंडाळलेली होती. तीच, काकाची कुऱ्हाड या क्षणी घरात त्याच्यासमोर पूजेच्या पाटावर होती. आजही नवमीच होती.

"आई, बाबा गेले तवा काकाची कुऱ्हाड पूजेत होती ना?"

"होती की. मीच कुंकू लावलं होतं," मथुराबाई म्हणाली. "बांधाचं भांडण होतं म्हणून पोलिसाइनं तुह्या काकाले धरलं. मीच सांगतलं, पूजेतल्या कुऱ्हाडीले कोन हात लावन? तवा सोडलं. काऊन रे?"

कुलदीपनं मोबाइल तिच्यापुढं धरला. दात विचकून धावणारा तरणा काका, उद्धवराव, आणि हातात ती कुऱ्हाड, धुऊन लख्ख.

मथुराबाई बघत राहिली. मग तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला.

"धुतली मेल्यानं," ती कशीबशी म्हणाली. "आन् मी सोडवलं रे त्याले! इतकी वर्सं ताट वाढलं!"

"मुडदा पाडतो त्याचा," कुलदीप उठला.

"बस खाली. हळू बोल."

अंगणातून उद्धवरावाची हाक आली. "वहिनी, झाली का पूजा? भूक लागून राह्यली."

"होऊन राह्यली, भाऊजी."

फकिरा गेल्यापासून ती कुंकवाला हात लावत नसे. तिनं करंडा कुलदीपपुढं सरकवला. त्यानं विळ्याला बोट लावलं, खुरप्याला लावलं, कोयत्याला लावलं. बोट कुऱ्हाडीकडं वळलं, तसं तिनं त्याचं मनगट घट्ट धरलं.

"तिले नको."

करंडा झाकून तिनं कुऱ्हाड पाटावरून उचलली आणि आपल्या मांडीशी ठेवली.

"भाऊजी," तिनं हाक दिली, "या जेवाले."