राबाची माती

घरातल्या चारही म्हशी विकायच्या, हे चिंतामणी मास्तरांनी ठरवलं आणि बायकोला सगळ्यात शेवटी सांगितलं. आधी कळलं कशेळीच्या तबेलेवाल्या राकेश यादवला, मग पडघ्याच्या नाक्यावरच्या चहावाल्याला, आणि त्यानंतर सुमतीला, जिच्या हाताखाली त्या म्हशी वाढल्या होत्या. चाळीस वर्षं संसार असाच चालला होता. त्यामुळे सुमती भडकली खरी, पण तिला नवल वाटलं नाही.

“रविवारी टेम्पो येईल,” मास्तर म्हणाले. “मी शब्द दिलाय.”

“शब्द तुमचा, म्हशी माज्या,” सुमती म्हणाली. “तुमच्या शब्दाला काय दूध येतंय का?”

“माझ्या. माज्या नाही.”

“तेच ते. म्हशींना कळतंय.”

मास्तरांनी अडतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत काढली होती. गावातल्या दोन पिढ्यांचे ‘न’ आणि ‘ण’ त्यांनी सरळ केले, फक्त घरातलं माणूस तेवढं हाताबाहेर राहिलं. ‘माझं चुकलं’ हे वाक्य त्यांनी शेकडो पोरांकडून शंभर-शंभर वेळा लिहून घेतलं असेल. स्वतःच्या तोंडून मात्र ते कधी बाहेर पडलं नव्हतं, आणि यापुढे पडेल अशी आशा सुमतीनं केव्हाच सोडली होती.

म्हशी विकायचं कारण तसं खोटं नव्हतं. ज्या माळावर गावाची गुरं चरायची तिथं आता गोदामं उभी राहिली होती. नुसत्या पेंढ्यावर म्हैस जगते, पण दूध कुठून देणार? तेव्हा मास्तरांनीच डोकं लढवलं की घरामागच्या वीस गुंठ्यांत हत्तीघास लावायचं. हे हिरवं गवत एकदा लावलं की कापत राहायचं, चार म्हशींना वर्षभर पुरेल. पण मास्तर पडले मास्तर. त्यांनी आधी माती तपासून घेतली. माहितीचं पत्रक वाचलं, त्यात सांगितल्याप्रमाणे माती काढली, वाळवली, पिशवीवर सुवाच्य अक्षरात नाव-गाव घातलं आणि पडघ्याला धम्मदिनाच्या माती परीक्षण केंद्रात नेऊन दिली. धम्मदिना ही त्यांचीच विद्यार्थिनी, चौथीपर्यंत त्यांच्या हाताखाली होती. पुढं शेतीचं शिकली आणि आता तालुक्याची माती तपासत होती.

अहवाल आला तो असा की मास्तर दिवसभर तो हातात घेऊन फिरले. नत्र भरपूर, स्फुरद भरपूर, पालाश भरपूर, सेंद्रिय कर्ब भरपूर. वर शेरा, की सध्या कुठलंही खत देण्याची गरज नाही.

दसऱ्यानंतर गवताच्या कांड्या लावल्या. सुमती शेणखताची टोपली घेऊन निघाली तर मास्तर आडवे आले. “अहवालात नको म्हटलंय. अति तिथे माती.”

“मातीच हाय ती,” सुमती म्हणाली. पण टोपली तिनं खाली ठेवली, आणि त्याचा तिला पुढं तीन महिने राग येत राहिला.

पौष लागला तेव्हा गवत डोक्याच्या वर जायला हवं होतं. ते गुडघ्याशी थांबलं आणि कावीळ झाल्यागत पिवळं पडलं. येणारेजाणारे विचारायला लागले, मास्तर, हत्तीघास म्हणून शेळीघास तर नाही ना आणलंत? मास्तरांना थट्टा सोसत नसे. त्यांनी हिशेब मांडला. माती पहिल्या नंबरची, बोअरवेलचं पाणी मुबलक, तरी गवत येत नाही, म्हणजे हे गवत इथलं नव्हेच. प्रयोग संपला, म्हशी द्यायच्या. आणि लगेच यादवला फोन.

सुमतीनंही लगेच फोन केला, पण धम्मदिनाला.

“बाये, तुज्या कागदावर माजा गोठा रिकामा होतोय,” ती म्हणाली. “कागद बघू नको, येऊन शेत बघ.”

दुसऱ्याच दिवशी सकाळी धम्मदिना स्कूटरवरून हजर झाली. बारीक अंगाची, सत्तावीस-अठ्ठावीसची मुलगी, बोलण्यात घाई नाही की घाबरणं नाही. चप्पल बांधावर काढून ती सरळ गवतात शिरली आणि दोन-चार ठोंबं वाकवून तळाची पानं बघत बसली.

“खालची पानं आधी पिवळी पडलीत, शेंड्याकडून मधल्या शिरेनं आत,” ती म्हणाली. “हे आजारी नाहीये काकू. उपाशी आहे. नत्र मिळत नाहीये याला.”

“पण तुझ्याच अहवालात...” मास्तर म्हणाले.

“अहवाल माझ्याकडे आलेल्या मातीचा होता, गुरुजी. त्यातली थोडी उरलीय का?”

उरली नसती तर ते चिंतामणी मास्तर कसले? त्यांनी निम्मी माती काचेच्या बरणीत ठेवली होती, वर तारखेची चिठ्ठी लावून. बरणी अंगणात आली. सुमतीनं झाकण काढलं, चिमूटभर माती तळहातावर घेतली आणि अंगठ्यानं चोळली. काळी, मऊ, पिठासारखी माती. बोटाला राखेचा बुळबुळीतपणा लागला आणि कोळशाचे दोन बारीक खडे टोचले.

तिला ओळखायला क्षणसुद्धा लागला नाही. अहो, ज्या मातीत बाईनं चाळीस शिमगे हात घातले, ती तिला कळणार नाही? शेताच्या कोपऱ्यात दोन गुंठ्यांचा तो तुकडा होता, भाताच्या रोपासाठी म्हणून तेवढ्यात गवत लावलं नव्हतं. दरसाल शिमग्याच्या सुमाराला त्यावर शेण, पालापाचोळा, गवत यांचे थर रचून ते जाळायचे, म्हणजे राब भाजायचा, आणि मिरगात तिथं भाताचं रोप टाकायचं. गोठ्यातलं सगळं शेण वर्षानुवर्षं त्याच तुकड्यात जात आलं होतं. सुमतीच्या डोक्यावरूनच गेलं होतं.

“ही राबाची माती,” ती म्हणाली. “अहो, सगळं शेत सोडून तुमी राबात खड्डा मारलात?”

मास्तर एकदम ताठ झाले. “पत्रकात स्पष्ट लिहिलं होतं. बांधाजवळची नको, झाडाखालची नको, विहिरीजवळची नको, उकिरड्याजवळची नको. राबाची नको असं कुठं लिहिलं होतं?”

“नाही लिहिलं,” धम्मदिना म्हणाली. “ते पत्रक देशावरचं. तिकडं राब भाजत नाहीत. मी ते तसंच वाटलं, ही माझी चूक. एवढा पालाश बघून मला शंका यायला हवी होती आणि मी तेव्हाच शेतावर यायला हवं होतं, ही दुसरी.”

किती सहज बोलली पोर. जीभ झडली नाही की आभाळ कोसळलं नाही. सुमतीनं मुद्दाम नवऱ्याकडं बघितलं. मास्तर बरणीचं झाकण लावत होते, आणि ते काही केल्या लागत नव्हतं.

“पण गुरुजी, वीस गुंठ्यांत नेमका तोच कोपरा का घेतलात?” धम्मदिनानं विचारलं.

मास्तरांनी बरणी उघडीच खाली ठेवली. मग म्हणाले, “तपासणीला पाठवायची होती ना. म्हटलं, चांगली पाठवावी. शाळेत साहेब यायचे तेव्हा आपण हुशार मुलं पुढच्या बाकांवर बसवायचो, तसं...”

वाक्य अर्धंच राहिलं. धम्मदिनानं पिशवीतून नवी कापडी थैली काढली, तिची नाडी मोकळी केली आणि मान वर न करता म्हणाली, “आठवतंय मला. आम्हा चार-पाच जणांना तुम्ही मैदानातले खडे वेचायला पाठवायचात. साहेब जाईपर्यंत.” मग थैलीचं तोंड उघडत, “रागानं नाही सांगत गुरुजी. आठवलं म्हणून सांगितलं.”

सुमतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या चार-पाच जणांत कुणाकुणाच्या घरची पोरं असणार, हे तिला कुणी वेगळं सांगायला नको होतं. आपण या माणसाला रोज डबा भरून दिला आणि कधी विचारलं नाही की शाळेत काय करता, असं तिला वाटलं आणि स्वतःचीच लाज वाटली. तिनं आत जाऊन चहा टाकला, दूध जास्त घालून, कारण दुसरं काय करावं ते सुचेना.

धम्मदिनानं राब सोडून उरलेल्या शेतात नागमोडी फिरत आठ ठिकाणची माती घेतली. शनिवारी संध्याकाळी ती नवा कागद घेऊन आली. नत्र कमी, कर्ब कमी, जस्त कमी. चाळीस वर्षं एका कोपऱ्याचं पोट फुटेस्तोवर भरलं होतं आणि बाकीचं शेत नुसतं भात देत राहिलं होतं.

“हे पिवळं गवत जमिनीलगत कापून टाका,” तिनं सांगितलं. “चांगलं कुजलेलं शेणखत सगळीकडं पसरा, दोन ट्रॉली तरी. कापणीनंतर युरिया, तोही मुठीनं, गोणीनं नाही. दोन ओळींच्या मध्ये चवळी टाका, ती जमिनीला नत्र देईल आणि म्हशींच्याही पोटात जाईल. दोन महिन्यांत गवत डोक्याच्या वर गेलं नाही तर मी केंद्राची पाटी उतरवीन.”

“जाईल,” सुमती म्हणाली. तिला तिळभरही शंका नव्हती. शंका होती ती मास्तरांची. ते शनिवारभर बोलले नव्हते. दिलेला शब्द मोडणं त्यांना कधी जमलं नव्हतं, आणि यादवला दिलेला शब्द अजून तसाच उभा होता. म्हशी एकदा टेम्पोत चढल्या की दोन महिन्यांनी उगवणाऱ्या गवताचं काय लोणचं घालायचं?

रविवारी नऊला टेम्पो दारात आला. यादव उतरला, त्याची दोन माणसं दोर घेऊन उतरली, आणि तमाशा बघायला आळीतली दहा-बारा डोकी जमली. धम्मदिनाही आली होती, ती बांधावर उभी राहिली. सुमती गोठ्याच्या दारात पाट टाकून बसली. तिला ओलांडल्याशिवाय एकही म्हैस बाहेर येणार नव्हती, आणि सुमतीला ओलांडायची छाती असलेला माणूस त्या आळीत जन्मला नव्हता.

पण तिला उठावंच लागलं नाही. मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले आणि यादवच्या पुढ्यात उभे राहिले.

“यादवजी, म्हशी नहीं देनी है.”

“मास्टरजी, जबान दिया था आपने. रिपोर्ट फर्स्ट क्लास, फिर भी घास नहीं आता, ऐसा आपही बोले थे.”

“बोला था. गलत बोला था.” मास्तर थांबले. आळीतली माणसं पुढं सरकली. “मी चुकीच्या जागेची माती दिली. गवताचा दोष नव्हता, शेताचा नव्हता, कागदाचाही नव्हता. माझं चुकलं.”

मराठीतच म्हणाले, दहा माणसांसमोर, ‘च’ आणि ‘झ’ नीट उच्चारून. सुमतीनं या वाक्याची चाळीस वर्षं वाट पाहिली होती. ते ऐकलं की आपण काय काय बोलायचं याची तिनं यादी करून ठेवली होती. आता ऐकलं आणि यादीतलं काहीच आठवेना. तिचे डोळे भरून आले, म्हणून तिनं म्हशीकडं तोंड फिरवलं.

यादव वाईट माणूस नव्हता, पण वैतागला होता. “टेम्पो खाली कैसे लेके जाऊं?”

ते ऐकून सुमतीला वाचा फुटली. “आज खाली न्या आणि उद्या भरून आणा. तबेल्याचं शेण टाकायला जागा न्हाय म्हणून तुमीच रडत होता ना परवा, म्हशी बघायला आलात तवा? आणा हितं. जुनं, कुजलेलं. पैसा न्हाय देणार. पण आमच्या म्हशी खाऊन जे हिरवं उरंल ते तुमच्या तबेल्याला.”

यादवनं शेताकडं बघितलं. “इस पिवळे में से?”

“दोन महिने थांबा,” धम्मदिना बांधावरून म्हणाली. “मग विळा घेऊनच या.”

तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, यादव हसला. त्यानं माणसांना दोर गुंडाळायला सांगितले आणि टेम्पो रिकामाच वळवला.

माणसं पांगायला लागली. सुमतीनं पदर खोचला. उद्याची वाट कोण बघतो? गोठ्यामागच्या ढिगातलं कुजकं शेणखत तिनं टोपलीत भरलं आणि उचलायला वाकली, तर मास्तरांनी टोपलीला हात लावला. इस्त्रीच्या शर्टासकट. त्यांनी ती डोक्यावर चढवली, जरा डगमगले, सावरले, आणि बांधावर धम्मदिनासमोर जाऊन उभे राहिले.

“कुठून सुरुवात करायची, बाई?” त्यांनी विचारलं. शाळेतली मुलं आपल्या शिक्षिकेला विचारतात, अगदी तसं.

 धम्मदिनानं एकदा सुमतीकडं बघितलं, एकदा मास्तरांच्या शर्टावर ओघळलेल्या शेणाकडं. मग शेताच्या पार टोकाला बोट दाखवलं.

“तिथून, गुरुजी. तिकडं आजवर काहीच पोचलेलं नाही.”

मास्तर मान डोलवून चालू लागले. मागून सुमती दुसरी टोपली घेऊन निघाली.